एमएस-डॉस : ‘सी’ ड्राइव्ह आहे, मग ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले?

विंडोज असलेला संगणक उघडला की ‘सी’ ड्राइव्ह दिसतो. ‘ए’ आणि ‘बी’ मात्र सहसा दिसत नाहीत. ही दोन अक्षरे फ्लॉपी ड्राइव्हसाठी राखलेली होती. फ्लॉपी इतिहासजमा झाल्या, तरी हार्ड डिस्कची मोजणी ‘सी’पासूनच सुरू होते. ही सवय विंडोजला एमएस-डॉसकडून मिळाली.

एमएस-डॉस ही मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. ‘डॉस’ म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यात चित्रे नव्हती, माऊसची गरज नव्हती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालत असे.

जन्म घाईत झाला

१९७०च्या दशकात लहान संगणकांवर गॅरी किल्डॉल यांची ‘सीपी/एम’ ही सिस्टीम लोकप्रिय होती. इंटेलची ८०८६ ही नवी चिप आली, पण तिच्यासाठीची सीपी/एम लांबत गेली. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीला आपले नवे संगणक बोर्ड विकायचे होते. म्हणून तिथले टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये स्वतःच एक सिस्टीम लिहिली. तिचे पहिले नाव ‘क्यूडॉस’, म्हणजे झटपट आणि कामचलाऊ अशा अर्थाचे. पुढे तिला ‘८६-डॉस’ म्हटले गेले. सीपी/एमचे प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर सहज आणता यावेत, म्हणून पॅटरसन यांनी तिच्या अनेक पद्धती तशाच ठेवल्या. ड्राइव्हला अक्षरे देण्याची पद्धत त्यातलीच.

त्याच सुमारास आयबीएम आपला पर्सनल कॉम्प्युटर बनवत होती. किल्डॉल यांच्या कंपनीशी बोलणी जमली नाहीत, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सिस्टीम पुरवण्याची जबाबदारी घेतली. तिने ८६-डॉस वापरण्याचा परवाना आधी घेतला आणि जुलै १९८१ मध्ये ५० हजार डॉलरला तिचे सर्व हक्क विकत घेतले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. त्यावर हीच सिस्टीम ‘पीसी-डॉस’ नावाने मिळू लागली.

एक अट निर्णायक ठरली

करारात मायक्रोसॉफ्टने एक हक्क स्वतःकडे ठेवला होता : हीच सिस्टीम इतर कंपन्यांनाही विकण्याचा. आयबीएम पीसीचे बहुतेक सुटे भाग बाजारात मिळणारे होते, त्यामुळे कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी लवकरच तसेच संगणक बनवले. त्या सगळ्यांना एमएस-डॉस हवी होती. संगणक कोणत्याही कंपनीचा असो, त्यावरच्या सिस्टीमचे पैसे मायक्रोसॉफ्टला मिळू लागले.

ग्राहकालाही यात फायदा दिसला. एकदा घेतलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या संगणकावरही चाले. मग जुने प्रोग्रॅम बंद पडणार नाहीत याची काळजी घेणे, हाच डॉसच्या वाढीचा नियम झाला.

सोय आणि तिची किंमत

मार्च १९८३ मध्ये डॉस २.० आली. तिच्यात हार्ड डिस्क आणि डिरेक्टरी, म्हणजे आजचे फोल्डर, यांची सोय होती. पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. तिथे ‘सीओएन’ (कन्सोल) आणि ‘पीआरएन’ (प्रिंटर) ही नावे यंत्राच्या भागांसाठी राखीव होती. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ती नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. आजही विंडोजमध्ये नेहमीच्या पद्धतीने ‘सीओएन’ नावाचा फोल्डर बनवू पाहिला, तर संगणक नकार देतो. यात कसलेही गूढ नाही.

फाइलच्या नावाला आठ आणि प्रकाराला तीन अक्षरे, ही मर्यादाही बरीच वर्षे टिकली. मेमरीचेही तसेच. ८०८८ चिपला १ एमबीपर्यंतच मेमरी हाताळता येई आणि त्यातली ६४० केबीच प्रोग्रॅमसाठी मोकळी होती. पुढच्या चिप बऱ्याच मोठ्या झाल्या, पण जुन्या प्रोग्रॅमसाठी ही भिंत तशीच ठेवावी लागली.

पडद्यावरच्या अक्षरांनाही मर्यादा होती. डॉसच्या मूळ २५६ चिन्हांत देवनागरी नव्हती. भारतात यावर एक उपाय ‘जिस्ट’ कार्डाचा होता. पुण्याच्या सी-डॅकचे हे कार्ड संगणकात बसवले की डॉसवर भारतीय लिपी उमटत.

विंडोज आली, डॉस लगेच गेली नाही

१९८५ मध्ये आलेली विंडोजची पहिली आवृत्ती डॉसवरच चालत होती. १९९० मधली विंडोज ३.० खूप खपली, तिलाही आधी डॉस लागे. १९९५ मध्ये विंडोज ९५ आली, तेव्हा डॉस तिच्या पोटात गेली. स्वतंत्रपणे विकलेली शेवटची एमएस-डॉस म्हणजे १९९४ ची ६.२२.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी ही डॉसवर न चालणारी, नव्याने लिहिलेली सिस्टीम आणली. २००१ मध्ये तिच्यावर आधारलेली विंडोज एक्सपी घरोघरी पोहोचली आणि डॉसचा पाया सुटला. आजची विंडोज एनटीच्याच घराण्यातली आहे. ६४ बिट विंडोजवर जुने डॉस प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. ते चालवायला ‘डॉसबॉक्स’सारखे प्रोग्रॅम वापरतात.

तरी खुणा उरल्याच. पेन ड्राइव्हवर जागा असूनही चार जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ कधी कधी बसत नाही. तो ड्राइव्ह बहुधा ‘फॅट ३२’ पद्धतीचा असतो. ही डॉसच्या फाइल पद्धतीची पुढची पिढी. तिच्यात फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिट एवढीच जागा आहे. ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केला की ही अडचण सुटते. मात्र त्याआधी आतल्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण फॉरमॅट करताना त्या पुसल्या जातात.