रेटचं नंतर बघू

आमचं तालुक्याच्या गावात बिल्डिंग मटेरियलचं दुकान आहे. वाळू, खडी, सिमेंट, सळई. बाबांचे निम्मे व्यवहार फोनवर होतात. “शेठ, उद्या साइटवर दोन टन सळई टाका, रेटचं नंतर बघू.” बाबा टाकतात. चलनावर मुकादमाची सही येते, आणि कागद म्हणावा तर तेवढाच.

दीड वर्षापूर्वी एका कंत्राटदाराने बिलातून सव्वा लाख कापले. सळई उशिरा आली, स्लॅब लांबला, सेंट्रिंगचं भाडं चढलं, असं त्याचं म्हणणं. बाबा म्हणाले, “तारीख कुठे ठरली होती?” तो म्हणाला, “मग भाव तरी कुठे ठरला होता?”

या उत्तराने मला झोप येईना. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही क्लायंटचा ‘सुरू करा’ असा मेल आला की कोड लिहायला घेतात आणि करारावर सही तीन महिन्यांनी होते, त्यामुळे हसायला मला तोंड नव्हतं. कायद्यात याचं काय होतं ते शोधत गेलो आणि एका जुन्या इंग्लिश खटल्यापाशी पोचलो. ब्रिटिश स्टील विरुद्ध क्लीव्हलँड ब्रिज.

क्लीव्हलँड ब्रिज ही डार्लिंग्टनची कंपनी. व्हिक्टोरिया धबधब्याजवळचा 1905 चा पूल यांनीच बांधला. 1979 मध्ये त्यांच्याकडे सौदी अरेबियातल्या एका बँकेच्या इमारतीचं पोलादी काम होतं. त्यासाठी तुळया आणि खांब जोडणारे ओतीव पोलादाचे सांधे, म्हणजे नोड, हवे होते. ते बनवायला ब्रिटिश स्टीलला सांगितलं. 21 फेब्रुवारीला क्लीव्हलँडने पत्र धाडलं: तुम्हाला ऑर्डर द्यायचा आमचा इरादा आहे, रीतसर करार मागून येईल, काम ताबडतोब सुरू करा. याला लेटर ऑफ इंटेंट म्हणतात. आमच्या भाषेत, रेटचं नंतर बघू.

खरं तर रेटचा आकडा टेलेक्सवर येऊन गेला होता. गाडं अडलं ते दुसरीकडेच. क्लीव्हलँडला आपल्या छापील अटी हव्या होत्या, आणि त्यांत माल उशिरा आला तर होईल त्या सगळ्या नुकसानीची जबाबदारी पुरवठादारावर होती, तिला मर्यादाच नाही. ब्रिटिश स्टील त्याला तयार नव्हती. नोड नक्की कधी आणि कोणत्या क्रमाने द्यायचे, हेही पक्कं होत नव्हतं. पत्रं जात-येत राहिली आणि भट्टीतून नोड निघत राहिले. डिसेंबरअखेर एक सोडून सगळे पोचले. मग 2 जानेवारी 1980 ला ब्रिटनभर पोलाद कामगारांचा संप झाला आणि तो शेवटचा नोड एप्रिलमध्ये पोचला. करारावर सही तोवरही झाली नव्हती.

ब्रिटिश स्टीलने 2,29,832 पौंड मागितले. क्लीव्हलँडने उलट 8,67,735 पौंडांचा दावा लावला: माल उशिरा आला, क्रम सोडून आला. म्हणजे विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला जवळजवळ चौपट पैसे द्यायचे!

न्यायाधीश रॉबर्ट गॉफ. अशा बिनकराराच्या देण्यांवर गॅरेथ जोन्स यांच्यासोबत त्यांनी 1966 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला होता, म्हणजे प्रश्न अगदी घरच्या मैदानावर आला. 1981 मध्ये ते म्हणाले, करार झालाच नाही. मुख्य अटींवरच बोलणी चालू असताना, नुसतं काम सुरू केलं म्हणून ब्रिटिश स्टीलने अमर्याद जबाबदारी पत्करली असं कसं मानायचं? पण माल मागवून घेतला आहे, तेव्हा त्याची वाजवी रक्कम द्यावीच लागेल. आणि करार नाही म्हणजे वेळेचं वचनही नाही, म्हणून उशिराचा दावा फेटाळला.

मला हा निकाल अर्धाच पटतो. सौदीतल्या उन्हात नोडची वाट बघणाऱ्यांचं नुकसान खरं असेल तर ते कुणाच्या खाती गेलं? पण ‘ताबडतोब सुरू करा’ हे त्यांनीच लिहिलं होतं, हेही खरं.

आपल्याकडे यासाठी भारतीय करार कायदा, 1872 मध्ये कलम 70 आहे. फुकट करायचा हेतू नसताना तुम्ही कुणाला कायदेशीरपणे काही दिलं किंवा त्याच्यासाठी काही केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायची. या कलमावरचा गाजलेला निकाल एका मराठी न्यायमूर्तींचा आहे. साताऱ्यात जन्मलेले, पुढे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर. प्रकरण बंगालचं. 1943 च्या दुष्काळानंतरच्या वर्षी बी. के. मंडल या फर्मने तिथल्या नागरी पुरवठा खात्यासाठी साठवणुकीच्या शेड, कच्चा रस्ता, स्वयंपाकघर असं बांधून दिलं. अधिकाऱ्यांनीच सांगितलेलं काम. नंतर सरकार म्हणालं, कायद्याने घालून दिलेल्या रीतीने करार झालेला नाही, सबब देणं लागत नाही. (वापरताना रीत आठवली नव्हती.) प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 1961 मध्ये सरकार हरलं. गजेंद्रगडकरांचं म्हणणं साधं होतं: नको होतं तर नाकारायचं किंवा परत करायचं, तो रस्ता मोकळा होता, ठेवून घेतलंत, वापरलंत, तर भरपाई द्या. काम 1944 चं, निकाल 1961 चा.

दिवाळीत हे सगळं बाबांना सांगितलं. कात्रीने सुतळी कापत ऐकत होते. मग म्हणाले, “वाजवी म्हणजे कुठल्या दिवसाचा वाजवी? सळईचा भाव सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा.”

मला सांगता आलं नाही. अशा येण्यासाठी दावा लावायची मुदत तीन वर्षांची, त्यातलं दीड वर्ष गेलं. ते चलन मी स्कॅन करून ठेवलं आहे. मुकादमाची सही आहे, तारीख आहे, दोन टन असं लिहिलं आहे. भावाचा रकाना कोरा आहे.