दोरीच्या अलीकडची माणसं

विमानांचं वेड असलेली माणसं हवाई कसरती बघायला निघतात तेव्हा त्यांची तयारी बघण्यासारखी असते. दुर्बीण, कॅमेरा, डबा, पाणी, टोपी. पहाटे निघायचं आणि पुढची जागा धरायची. आमचा एक भाचा त्यातलाच. त्याची नेहमीची कुरकुर अशी, की दोरी फार मागे बांधतात, विमानं लांबून जातात, पूर्वीसारखी मजा नाही.

मंडळी, ही दोरी मागे का गेली त्याला एक तारीख आहे. ६ सप्टेंबर १९५२, शनिवार.

इंग्लंडमधल्या फार्नबरोला ब्रिटिश विमान कंपन्यांचं प्रदर्शन भरलं होतं. युद्ध संपून सात वर्षं झाली तरी चहा-साखर रेशनवरच होती. पण आकाशात मात्र इंग्रजांचा तोरा होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या कॉमेट विमानानं जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली होती. त्यामुळे त्या दिवशी लाखाहून जास्त माणसं आली. मुलंबाळं घेऊन, सुट्टीचा दिवस म्हणून.

जॉन डेरी हा वैमानिक आणि टोनी रिचर्ड्स हा त्याचा सहकारी डी हॅविलंड ११० हे नवं जेट घेऊन आले. बरोबर चार वर्षांपूर्वी, ६ सप्टेंबर १९४८ ला, याच डेरीनं आवाजाचा वेग ओलांडला होता. तेव्हा तो लोकांचा हीरोच. उंचावरून सूर मारून त्यानं तो प्रसिद्ध धडाका ऐकवला, मग खाली येऊन वळण घेतलं आणि प्रेक्षकांच्या दिशेनं येत विमान वर उचललं. त्या क्षणी पंखाचा बाहेरचा भाग तुटला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळ्या विमानाचे तुकडे झाले. दोन्ही इंजिनं त्याच वेगानं पुढे आली. एक टेकडीवरच्या गर्दीत पडलं. तिथून चांगलं दिसतं म्हणून लोक टेकडीवर बसले होते. २९ प्रेक्षक आणि विमानातले दोघे गेले.

पुढे चौकशीत कळलं, की वळता वळता विमान वरही उचललं, त्या दुहेरी ताणाला पंखाची पुढची कड पुरी पडली नाही.

जखमींना हलवल्यावर, धावपट्टी साफ झाल्यावर, नेव्हिल ड्यूक आपलं हंटर विमान घेऊन वर गेला आणि त्यानंही तसाच धडाका केला. चर्चिलनी त्याला कौतुकाचं पत्र लिहिलं. ड्यूकच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण ज्यांची माणसं टेकडीवर गेली, त्यांना तो आवाज कसा ऐकू आला असेल, हा विचार माझा पाठ सोडत नाही. इतिहासात वैमानिकांची नावं राहतात. त्या २९ जणांची नावं फार थोड्यांना माहीत असतील.

त्यांच्यामुळे नियम मात्र बदलले. गर्दीवरून उडायचं नाही, गर्दीपासून ठरावीक अंतर राखायचं. सगळीकडे हा धडा इतका पक्का झाला नाही. १९८८ साली जर्मनीत रामस्टाइनला प्रेक्षकांकडे येणारं विमान गर्दीत कोसळलं. त्या दुर्घटनेत ७० जण गेले. ब्रिटनमध्ये दोरीच्या आतले प्रेक्षक सांभाळले गेले, पण २०१५ साली शोरहॅमला एक जुनं हंटर मैदानाबाहेरच्या रस्त्यावर पडलं आणि ११ जण गेले. दोरीच्या आतल्यांचा विचार झाला होता, रस्त्यावरच्यांचा राहून गेला होता.

आपल्याकडेही तेच. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुदलाच्या कसरती बघायला लाखो लोक लोटले. एकही विमान पडलं नाही, तरी उन्हानं आणि गर्दीनं पाच जण दगावले. आकाशाकडे बघणाऱ्या माणसाला जमिनीवर सावली आणि पाणीही लागतं.

असो. भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तरी मी जाणारच." जावंच. विमानाचा सूर बघून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याला काय म्हणावं! फक्त दोरी मागे आहे म्हणून कुरकुर करू नकोस, एवढंच त्याला बजावलंय. तुमच्याही घरात असा कोणी असेल तर त्यालाही सांगा.