१९५० चा भूकंप काही मिनिटांत थांबला, त्याचा गाळ मात्र ब्रह्मपुत्रेतून ५० वर्षं वाहत होता

१५ ऑगस्ट १९५०. देशाने स्वातंत्र्यदिन साजरा केला होता. संध्याकाळी साडेसातनंतर आसाम-तिबेट सीमेवरचे डोंगर हादरले. भूकंपाची तीव्रता होती ८.६. जमिनीवर केंद्र असलेल्या भूकंपांमध्ये याच्याइतका मोठा भूकंप आजवर नोंदला गेलेला नाही.

घरं पडली, माणसं गेली. पण नदीकाठच्या लोकांसाठी खरं संकट त्यानंतर सुरू झालं.

डोंगरांवर हजारो दरडी कोसळल्या. सुबनसिरी ही ब्रह्मपुत्रेची उपनदी. तिच्या वाटेत माती-दगडांचा ढिगारा येऊन पडला आणि पाणी अडलं. आठ दिवसांनी हा आपोआप तयार झालेला बांध फुटला. सुमारे ७ मीटर उंचीची लाट खाली आली आणि पाचशेहून जास्त माणसं दगावली. भूकंपातून वाचलेली गावं पुराने नेली.

बाकीचा ढिगारा एका फटक्यात वाहून गेला नाही. भूकंप फक्त दरडी पाडत नाही, तर उभ्या राहिलेल्या उतारांनाही भेगा पाडून खिळखिळं करतो. मग पुढचे कित्येक पावसाळे साध्या पावसानेही माती सुटत राहते आणि नदीत येते.

नदीत आल्यावर या गाळाच्या वाटा वेगळ्या होतात. बारीक माती पाण्यात तरंगते, त्यामुळे ती पाण्याच्याच वेगाने पुढे जाते. वाळू आणि गोटे मात्र तळाशी असतात. पूर आला की थोडे पुढे सरकतात, पाणी ओसरलं की तिथेच बसतात. म्हणजे समुद्रापर्यंत जायला वाळूला कित्येक दशकं लागतात.

या वाळूने आसामला काय दाखवलं? दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचं पात्र सुमारे ३ मीटरने वर आलं. तळ वर आला की तेवढंच पाणी काठाबाहेर पडतं, म्हणजे पाऊस नेहमीचाच पण पूर मोठा. तळात मावेनासं झालेलं पाणी काठ कापायला लागतं. १९५४ मध्ये नदीने दिब्रुगड शहराचा मोठा भाग तोडून नेला आणि तिथे घाईने बांध घालावा लागला. जुनं सादिया गाव तर नदीने पूर्ण गिळलं. माजुली बेटही तेव्हापासून झिजत आलंय, अर्थात त्याचं सगळं खापर एकट्या भूकंपावर फोडता येत नाही.

आता खाली बांगलादेशात जाऊ. तिथे ब्रह्मपुत्रेला जमुना म्हणतात. मोमिनुल हक सरकार आणि कॉलिन थॉर्न या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये या गाळाचा माग मांडला. बारीक माती काही वर्षांतच मेघनेच्या मुखाशी पोहोचली आणि तिथे समुद्रात नवी जमीन तयार झाली. जाड वाळू मात्र एखाद्या संथ लाटेसारखी जमुनेतून सरकत राहिली, जवळपास ५० वर्षं. ती जिथे पोहोचली तिथे पात्रात वाळूचे उंचवटे उठले, प्रवाह काठांवर ढकलला गेला आणि नदी रुंद झाली. १९७३ च्या आसपास जमुनेची सरासरी रुंदी साडेआठ किलोमीटर होती, पुढे ती १२ च्या घरात गेली. काठावरच्या शेतकऱ्याचं शेत नदीत गेलं ते अशा एका भूकंपामुळे, जो कदाचित त्याच्या जन्माआधी, शेकडो किलोमीटर दूर झाला होता.

सगळ्याच नद्यांना इतका वेळ लागतो असं नाही. तैवानमध्ये १९९९ साली ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या नद्यांमधला गाळ अचानक कित्येक पटींनी वाढला, पण साधारण सहा वर्षांत पूर्वपदावर आला. तिथल्या नद्या लहान, उतार तीव्र, वादळी पाऊस दरवर्षी ठरलेला आणि समुद्र अगदी जवळ. ब्रह्मपुत्रेच्या वाळूला मात्र आसामचं आणि बांगलादेशचं अख्खं सपाट मैदान ओलांडायचं होतं.