पेठांमधून पर्वतीपर्यंत

साल 758. तुम्ही मुठेच्या काठावर उभे आहात. पूल नाही, बांधलेला घाट नाही. पाणी जिथे उथळ आहे तिथून माणसं धोतर गुडघ्यावर खोचून पलीकडे जाताहेत. तुमच्या बाजूला सपाट काळा कातळ आहे. याच शतकात पाथरवट त्यात खाली खाली उतरत एक शिवमंदिर कोरतात. पुढे त्याला पाताळेश्वर म्हणतील. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या या वर्षीच्या ताम्रपटात या मुलखाचं नाव आहे ‘पुण्य विषय’. दहा वर्षांनी दुसऱ्या ताम्रपटात तेच ‘पुनक विषय’ म्हणून येईल. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. लोकांच्या तोंडी पुढे पुनवडी झालं आणि मग पुणे. व्यायाम हा शब्द इथे अजून कुणाला लागत नाही. पाणी आणायचं, गुरं वळायची, बाजार गाठायचा, सगळं पायांवर.

नदी ओलांडून चढ चढलात की कसबा. इथे 1630च्या सुमाराला येऊन पाहा, घरं जळालेली आहेत. विजापूरच्या मुरार जगदेवाने गाव उद्ध्वस्त केलं आणि जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला. काही वर्षांनी जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे राहायला आले, त्याच मातीत सोन्याचा नांगर धरला, असं परंपरा सांगते. कसबा गणपतीचं देऊळही जिजाबाईंनीच उभारलं असं मानतात. पुढची सगळी वाढ या कसब्याच्या भोवतीने झाली, म्हणून आपली वाट इथूनच.

दक्षिणेकडे शंभर-दोनशे पावलं चाला आणि 1703 मध्ये या. तुम्ही ज्याला बुधवार पेठ म्हणता तिथे उभे आहात, पण कुणाला बुधवार म्हणालात तर कळणार नाही. औरंगजेबाचा तळ पुण्यात पडलाय, त्याचा नातू मुही-उल-मिलान इथेच वारला, आणि त्याच्या नावाने ही वस्ती झालीय मुहियाबाद. शनिवार पेठ अजून मुर्तजाबाद आहे. रविवारचं जुनं नाव मलकापूर, शुक्रवारचं विसापूर, गुरुवारचं तर वेताळ पेठ. वारांची नावं पेशवाईत रुळली. त्याच काळात माणसांची नावंही आली: नायगावाची सदाशिव पेठ झाली ती पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने, हनुमान पेठेची नाना पेठ झाली नाना फडणविसांमुळे, आणि शिवपुरीची झाली रास्ता पेठ.

पण मला खरी जवळची वाटतात ती देवळांची नावं. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, निवडुंग्या विठोबा. कुठे शेजारी पासोड्या विकायला असत, कुठे जिलबीचं दुकान, कुठे निवडुंगाचं रान. ही नावं कुठल्या सनदेतून आलेली नाहीत. वाट विचारणाऱ्याला कुणीतरी हात करून सांगितलेली खूण आहे ती, आणि इतक्या बारीक खुणा पायी फिरणाऱ्यांनाच लागतात.

आता थोडं थांबा, कारण पेशवाईच्या शेवटच्या काळात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. दुसऱ्या बाजीरावाचे दिवस. जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत गेलेला गुळगुळीत लाकडी खांब तुमच्यासमोर आहे. त्याला एरंडेल चोपडलंय. लंगोट कसलेला एक तरुण झेप घेऊन मांड्यांनी खांब आवळतो, अढी मारतो, हात सोडतो आणि उलटा लोंबकळतो. शेजारी बाळंभटदादा देवधर डोळे बारीक करून पाहताहेत. मल्लस्तंभाचा, म्हणजेच मल्लखांबाचा, उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त आहे, पण ही विद्या मागे पडली होती. ती पुन्हा उभी केली बाळंभटदादांनी. त्यांच्या विद्येमागचा विचार लक्षात घ्या: कुस्तीला जोडीदार लागतो, खांब कधीही तयार असतो. तो पकड वाढवतो, पाठीचा कणा लवचिक ठेवतो, आणि तोल गेला की लगेच दाखवून देतो. स्वतः एकदा अढी मारून पाहा. काही श्वासांतच मांड्या थरथरायला लागतील.

तिथून गंज पेठेत चला. साल 1822 उलटून गेलंय. खडकीच्या लढाईत वडील राघोजी साळवे पडले, पेशवाई बुडाली, आणि लहुजी वस्तादांनी इथे तालीम काढली आहे. आत शिरताना वाका, दार ठेंगणं आहे. लाल मातीचा वास येतो. दांडपट्टा फिरण्याचा सपकारा ऐकू येतो. आणखी काही वर्षं पुढे सरकलात तर घामाने निथळणाऱ्या पोरांत एक माळ्याचा मुलगा दिसेल, जोतीराव फुले. मातंग समाजातल्या वस्तादाच्या हाताखाली तो दांडपट्टा आणि नेमबाजी शिकतोय. आखाड्यात उतरलं की सगळ्यांच्या अंगाला एकच माती लागते. 1848 मध्ये हाच तरुण बुधवारातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढेल आणि लहुजी वस्ताद त्याच्या कामामागे उभे राहतील. आज या पेठेचं अधिकृत नाव महात्मा फुले पेठ आहे. शहरातल्या सगळ्या नामांतरांत मला हे सर्वांत योग्य वाटतं.

पूर्वेला लष्कराच्या भागात फार रेंगाळू नका, एवढंच पाहा: 1870च्या दशकात इंग्रज अधिकारी जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून पिसांचं फूल टोलवताहेत. ज्या खेळाला जग आज बॅडमिंटन म्हणतं, त्याला तेव्हा ‘पूना’ असंही नाव होतं.

गावाचं नाव खेळाला मिळालं, तसं उलटंही घडलं. पेठा ओलांडून पश्चिमेला नदीपलीकडे जा. 1906 साली इथे डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था निघाली, भोवती वस्ती झाली, आणि आज बसचा वाहक नुसतं ‘डेक्कन’ म्हणून ओरडतो. खेळाच्या मैदानाने शहराच्या एका अख्ख्या भागाला नाव दिलं. 1924 मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामसंस्था काढली. आणि 1937 मध्ये पाहाल तर अठरा वर्षांचा एक किडकिडीत मुलगा म्हैसूरकडून इथे आलाय. मराठी येत नाही. लहानपण हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांत गेलेलं. सहा महिने योग शिकवायला म्हणून बोलावलेला हा मुलगा, बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार, पुण्याचाच होऊन गेला. त्याच्याकडे शिकायला पुढे जगभरातून माणसं येत राहिली.

आता परत फिरा आणि पर्वतीचा पायथा गाठा. 1749 साली नानासाहेब पेशव्यांनी वर देवस्थान उभं केलं. पायऱ्या शंभरावर आहेत, रुंद आणि उतरत्या. चढा, पण तोंडाने बोलता येईल इतक्याच वेगाने.

पहिल्या टप्प्यावरच पोटऱ्या बोलू लागतात. पोटरीचा स्नायू आवळतो तेव्हा तो शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलत असतो. बसून राहिलं की हेच काम मंदावतं आणि संध्याकाळी पाय सुजतात. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची शतपावली मधुमेह असलेल्यांनाही उपयोगी पडते. दर पायरीला हाडांवर भार येतो आणि त्या भाराने हाडं टिकतात. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल न लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. पाणी आणणाऱ्या पुनवडीच्या बाईची ही मिनिटं सकाळीच पुरी होत असतील.

वरून शहर पाहा. 1978 मध्ये इंग्रजीतल्या ‘पूना’चंही पुणे झालं. तेव्हा हे सायकलींचं गाव होतं. कामगार, प्राध्यापक, शाळेची पोरं, सगळे पायडल मारत. आता स्वयंचलित दुचाकींचा आवाज इथपर्यंत येतो. तालमी अजून आहेत, टेकड्या अजून आहेत. कमी झालं आहे ते चालणं, आणि त्याचा दोष फक्त आळसावर ढकलणं मला मान्य नाही. पदपथावर गाड्या आणि टपऱ्या असतील तर म्हातारी माणसं चालणार कुठून?

कसबा गणपतीपासून पर्वतीचा पायथा तीन-साडेतीन किलोमीटरवर आहे, सावकाश गेलात तरी तासाभराची वाट. येत्या रविवारी सकाळी निघा. घरातल्या मुलांना बरोबर घ्या आणि प्रत्येक पेठेत शिरताना तिचं जुनं नाव त्यांना सांगा. गुडघ्यांचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायऱ्या चढू नका. आणि तुमची गाडी पदपथावर उभी असेल, तर निघण्याआधी ती तिथून काढा.