खिळा विकत घेतला, अक्षर कोणाचं?

लालबाग-परळमध्ये मंडळाचा फलक किंवा दुकानाची पाटी पेंटर हाताने रंगवी, तेव्हा अक्षराच्या मालकीचा प्रश्न कोणी विचारत नसे. पाटी ज्याची, अक्षर त्याचं. त्या अक्षराची हुबेहूब दुसरी प्रत निघतच नव्हती.

छापखान्यात मात्र हा प्रश्न होता. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी पोलादी पंच कोरले ते राणोजी रावजी आरू यांनी. पंच तांब्यात ठोकून मातृका तयार होई आणि मातृकेत शिशाचा रस ओतून खिळे. मुद्रक खिळे विकत घेई. झिजले की वितळवी, वाटलं तर विकून टाकी. पंच आणि मातृका मात्र कारखान्याच्या कुलपात राहत. अक्षरावरचा हक्क कायद्यापेक्षा त्या कुलपानेच राखला जाई. पुढे विकतच्या खिळ्यावर विजेने तांबं चढवून मातृका बनवण्याची युक्ती जगभर पसरली आणि कुलूपही पुरेनासं झालं.

संगणकाच्या फॉन्टमध्ये पंच, मातृका आणि खिळा एकाच फायलीत आले. फाईल हाती आली की कारखानाच हाती आला. म्हणून फॉन्ट विकला जात नाही. त्याच्या वापराचा परवाना मिळतो. छपाईसाठी, संकेतस्थळासाठी आणि मोबाईल अ‍ॅपसाठी तो बहुधा वेगवेगळा घ्यावा लागतो.

आज एखादं मंडळ संकेतस्थळ करून घेतं, तेव्हा 'पैसे दिले, वस्तू आपली' हा शिशाच्या काळातलाच समज असतो. डिझायनरने स्वतःच्या संगणकासाठी घेतलेला परवाना मंडळाच्या संकेतस्थळाला लागू होईलच असं नाही. मांडणीचंही तेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पगारी नोकर नसलेल्या डिझायनरची मांडणी आणि आज्ञावली सर्वसाधारणपणे त्याचीच राहते. हक्क सहीनिशी, लेखी हस्तांतरित व्हावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो.

मुंबईच्याच 'एक टाईप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिला आहे. तो संकेतस्थळावर विनामूल्य वापरता येतो, बदलताही येतो. नुसता फॉन्ट सुटा विकता मात्र येत नाही. म्हणजे खुल्या अक्षरालाही अटी आहेतच.

तेव्हा करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: फॉन्ट कोणता, परवाना कोणाच्या नावावर, आणि मांडणीचा हक्क कोणाकडे, किती काळ. डिझायनर बदलला तरी मंडळाचा फलक जागेवर राहावा, यासाठी एवढं पुरे.