साडी गार्ड काढण्याआधी

गेल्या दिवाळीत कराडला घरी गेलो, तेव्हा सॅकमध्ये लॅपटॉपशेजारी एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात ऑनलाइन मागवलेलं क्लिप-ऑन हँडल. पप्पांची १९८४ची येझ्दी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पाच वर्षं उभी होती आणि तिची ‘कॅफे रेसर’ करायची असं मी ठरवलं होतं. कॅफे रेसर म्हणजे खाली झुकलेलं हँडल, एकट्यापुरतं सीट, मागे छोटीशी शेपटी आणि बाकी जवळजवळ काही नाही. इन्स्टाग्रामवर अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील.

व्हिडिओ बघून मी यादी केली होती. त्या यादीत जोडायच्या वस्तू तीन होत्या, काढायच्या अकरा. लांब सीट काढा, मागचं मडगार्ड कापा, कॅरिअर काढा, क्रॅश गार्ड काढा, सीटखालची फ्रेम ग्राइंडरने कापून आखूड करा. आणि सगळ्यात पहिली ओळ : साडी गार्ड काढा. ऑफिसात जुना कोड काढून टाकायचा असेल तर तो कुठून कुठून वापरला जातोय हे आम्ही आधी शोधतो. इथे तसं काही शोधावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

साडी गार्डचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. तेल मारून रात्रभर ठेवले, सकाळी निघाले. गार्ड हातात घेतल्यावर दिसलं की खालची पाय ठेवायची पट्टी कंपनीची नाही. कुणीतरी जाड लोखंडी पट्टी वेल्ड करून ती चांगली वीतभर रुंद केली होती. आई तुळशीपाशी होती, तिला विचारलं.

“तुझ्या वेळेला सातवा महिना होता,” ती म्हणाली. “एका बाजूला बसून पाय अवघडायचे. दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी जायचं होतं. म्हणून यांनी वेल्डिंगवाल्याकडून करून आणलं.”

मी गार्ड बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी पुढचं काही काढलं नाही. रात्री अंथरुणात पडून माझ्या यादीचा उगम शोधत बसलो. या अकरा वस्तू काढायच्या असं पहिल्यांदा कुणी ठरवलं?

काढण्याची ही परंपरा बरीच जुनी आहे, आणि तिची सुरुवात हौशी लोकांनी घरच्या घरीच केली. अमेरिकेत १९३०च्या दशकात साध्या, दुकानात मिळणाऱ्या मोटरसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यतीला जाताना पोरं पुढचं मडगार्ड काढायची, मागचं कापायची, जे जड असेल ते उतरवायची. अशा गाडीला ‘बॉब-जॉब’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने सैन्यासाठी डब्ल्यूएलए जातीच्या हजारो गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी स्वस्तात विकायला निघाल्या आणि घरी परतलेल्या तरुणांनी त्या गॅरेजात नेऊन सोलायला घेतल्या. पुढे याच कापाकापीतून लांब काट्याचा ‘चॉपर’ आला.

जगातला सगळ्यात प्रसिद्ध चॉपर १९६९च्या ‘ईझी रायडर’ सिनेमातला. पेट्रोलच्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेली ती गाडी पोस्टरवर तुम्ही नक्की पाहिली असेल. सिनेमासाठीच्या या गाड्या पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्लेंपासून बनवल्या होत्या. त्या घडवण्यामागे क्लिफ व्हॉन्स आणि बेन हार्डी हे दोघे होते. दोघेही कृष्णवर्णीय. व्हॉन्स नागरी हक्कांच्या चळवळीतला कार्यकर्ता आणि छायाचित्रकार, हार्डी लॉस एंजेलिसमधला मेकॅनिक. गाडी जगभर गाजली, पण या दोघांची नावं कित्येक दशकं बहुतेकांना माहीतच नव्हती. गाडीवरून काय काढलं ते फोटोत दिसतं. फोटोतून कोण निघून गेलं ते शोधावं लागतं.

माझ्या यादीचं खरं गाव मात्र लंडन. तिथे नॉर्थ सर्क्युलर रोडवर ‘एस कॅफे’ नावाचं ट्रक ड्रायव्हरांसाठीचं खानावळवजा हॉटेल होतं. १९३८ साली सुरू झालं, युद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालं, १९४९ साली पुन्हा उभं राहिलं. रात्रभर उघडं असायचं. पन्नासच्या दशकात तिथे कामगार वस्त्यांमधली पोरं मोटरसायकली घेऊन जमू लागली. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर गाठायचे हा त्यांचा ध्यास. त्या वेगाला इंग्रजी बोलीत ‘टन’ म्हणतात, म्हणून ही ‘टन-अप’ पोरं. एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यत लावणारे म्हणून ‘कॅफे रेसर’. हे नाव सुरुवातीला हिणवण्यासाठीच वापरलं जायचं : खऱ्या ट्रॅकवरचे रेसर तुम्ही नव्हेत, चहाच्या टपरीवरचे.

त्यांची सगळ्यात नावाजलेली गाडी ‘ट्रायटन’ कुठल्याच कंपनीने बनवलेली नव्हती. नॉर्टनची फ्रेम आणि ट्रायम्फचं इंजिन अशी ती जोडगाडी. नॉर्टनची ‘फेदरबेड’ फ्रेम १९५०च्या सुमाराची, वळणावर गाडी घट्ट धरून ठेवणारी म्हणून नावाजलेली. त्याच काळात ब्रिटनमध्ये ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग गाड्यांचं वेड होतं. त्या बनवणाऱ्यांना नॉर्टनचं रेसिंग इंजिन हवं असे, पण कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. मग ते अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढत आणि फ्रेम कोपऱ्यात टाकून देत. या टाकलेल्या फ्रेममध्ये लोकांनी सहज मिळणारं ट्रायम्फचं इंजिन बसवलं. आज लाखो रुपये मोजून ज्या गाडीची नक्कल करून घेतात, ती मुळात उरलंसुरलं जुळवून केलेली आहे.

इथपर्यंत वाचून मला बरं वाटत होतं. आपणही याच घराण्यातले, असं. पण मग एक साधा प्रश्न पडला. या पोरांना एकट्यापुरतं सीट परवडलं कसं? म्हणजे पैशाने नव्हे. घरातली मोटरसायकल एकट्याच्या मालकीची झाली कशी?

कारण पन्नासच्या दशकातल्या ब्रिटनमध्येही मोटरसायकल ही कुटुंबाचीच गाडी होती. नवरा हँडलवर, बायको आणि पोरं शेजारी जोडलेल्या साइडकारमध्ये, आणि रविवारी सगळी समुद्रकिनारी. ऑगस्ट १९५९मध्ये ‘मिनी’ ही छोटी मोटार आली, साधारण ५०० पौंडांत. डोक्यावर छप्पर, चार जणांना जागा, पावसाची चिंता नाही. त्या आणि तशा स्वस्त मोटारींनी पुढच्या काही वर्षांत साइडकारचा बाजार बसवला. कुटुंब मोटारीत गेलं आणि मोटरसायकल रिकामी झाली, तरुणांच्या हाती पूर्णपणे आली. कॅफे रेसरच्या सीटमागचा तो उंचवटा मला आता वेगळा दिसतो. दुसऱ्या माणसाची जागा संपली, असं ते सीट सांगतं.

आता येझ्दीकडे येऊ. मुंबईतले इराणी उद्योजक पन्नासच्या दशकात झेकोस्लोव्हाकियातून जावा मोटरसायकली आणून विकत होते. परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आल्यावर त्यांनी म्हैसूरला कारखाना काढला, आयडियल जावा. १९६१पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात ‘जावा’ नाव गेलं आणि ‘येझ्दी’ आलं. या नावात इराणमधलं यझ्द शहर ऐकू येतं, आणि गंमत म्हणजे झेक भाषेत ‘येझ्दी’ या उच्चाराचा शब्द गाडी चालवण्याच्या क्रियापदाचं रूप आहे. २५० सीसीचं दोन स्ट्रोकचं एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच : किक मारून झाली की तोच पुढे पाडून गिअर टाकायचे. १९९६मध्ये कारखाना बंद पडला.

या गाडीत आपल्याकडच्या लोकांनी घरोघरी भरपूर बदल केले, पण ते सगळे जोडण्याचे. साडी गार्ड, क्रॅश गार्ड, कॅरिअर, डिकीच्या पेट्या, मागच्या मडगार्डला रबरी पट्टा, टाकीला रेक्झिनचं कव्हर. दूधवाल्यांनी राजदूतला आणि एम-८०ला किटल्या अडकवायचे हुक वेल्ड केले. टाकीवर मुलाला बसवायचं म्हणून उशी बांधली. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली, पण गावोगावच्या मास्तरांच्या, कंपाउंडरांच्या, तलाठ्यांच्या दारात मोटार यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं जावी लागली. तोवर घरातलं प्रत्येक माणूस याच दोन चाकांवर बसणार होतं. चौघांची जागा करायची तर लोखंड जोडावंच लागतं.

आणि हे फक्त हौसेवर सोडलेलं नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधला नियम १२३ बघा. ज्या मोटरसायकलवर मागे माणूस बसू शकतो, तिला हाताने धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं. नियमात ‘साडी’ हा शब्द नाही. पण ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला पाय सोडून बसलेली बाईच असणार. माझ्या यादीतल्या पहिल्या ओळीने ती बाई गाडीवरून उतरवायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी टाकी घासायला घेतली. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. वरचा काळा रंग निघाला, त्याखाली मरून लागला, बाजूंना मरूनच्याही खाली गंजाचे टिपके पडलेलं क्रोम. पप्पा खुर्ची टाकून बघत बसले होते.

“काळा कधी मारला?” मी विचारलं.

“सत्त्याण्णव साली. क्रोम सोलायला लागलं होतं. परत क्रोम करायला पैसे जास्त सांगितले, म्हणून काळा मारला.” मग जरा थांबून म्हणाले, “आरसी बुकात मरूनच आहे. बदलायचं राहून गेलं.”

म्हणजे आमची गाडी सत्तावीस वर्षं कागदावर एका रंगाची आणि रस्त्यावर दुसऱ्या रंगाची होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. फ्रेम कापलेली, मागचं अर्धं चाक उघडं असलेली गाडी तिथे नेऊन मी काय सांगणार होतो?

पण कायद्याची भीती हे खरं कारण नव्हतं, हे मान्य करतो. आज आपल्याकडे कॅफे रेसरची लाट आली आहे, त्याचं कारण मला त्या अंगणात कळलं. २०१३मध्ये रॉयल एन्फिल्डने कॉन्टिनेंटल जीटी आणली, २०१८मध्ये जावा नाव परत आलं, २०२२मध्ये येझ्दी. कॅफे रेसर आता कारखान्यातूनच तयार मिळते. हे आत्ताच का होतंय? कारण ब्रिटनमध्ये १९५९नंतर जे झालं ते आपल्या काही घरांत आत्ता होतंय. आमच्या दारातही चार वर्षांपूर्वी कार आली. आई आता कारमध्ये पुढे बसते. येझ्दीवरचं ओझं उतरलं, म्हणून मला ती एकट्याची वाटायला लागली. आजही रस्त्यावर बघा, एका स्कूटरवर तिघं-चौघं जाताना दिसतील. त्यांच्या गाडीची लाट अजून यायची आहे.

ग्राइंडर शेजारच्या काकांकडून आणून ठेवला होता. आईला म्हटलं, “तुला आता या गाडीवर बसायचंय का?”

“छे. गुडघे कुठं साथ देतात? तुला काय करायचं ते कर.” मग भांडी घेऊन आत जाता जाता म्हणाली, “फक्त कापू नको. पत्रा कापला की परत तसा होत नाही.”

ग्राइंडर परत दिला. जे पुन्हा पूर्ववत करता येईल तेवढंच करायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. टाकी आणि मडगार्डवरचे पोचे लांबी भरून सारखे केले, ८०० आणि १००० नंबरने घासलं, प्रायमर मारला. रंग मात्र पेंटरकडून गनने मारून घेतला, कारण स्प्रेच्या डब्याने मी मारलेल्या पहिल्या हाताचे ओघळ आले होते. मरून. म्हणजे कागदावर जो आहे तोच. सीट नव्याने शिवून घेतलं, लांबी तेवढीच ठेवली. कॅरिअर काढून माळ्यावर ठेवलं, ते उद्या दोन बोल्टने परत बसेल. आरसे गोल घेतले. बास.

साडी गार्ड मी स्वतः घासलं. रुंद पट्टीच्या वेल्डिंगची रेघ ओबडधोबड आहे, ती ग्राइंडरने सपाट करता आली असती. तशीच ठेवून काळा रंग दिला आणि नवे नट-बोल्ट लावून परत बसवलं. गाडी सुरू व्हायला अजून दोन दिवस गेले. पॉइंट साफ केले, कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घातलं. बाविसाव्या किकला धूर निघाला. पहिली फेरी पप्पांनी मारली, प्रीतिसंगमापर्यंत आणि परत.

कॅफे रेसर झाली नाही. क्लिप-ऑन हँडल अजून खोक्यातच आहे, आणि ते परत पाठवायची मुदत दिवाळीतच संपली.