वकिलाची सतार
पन्नाशीत सतार हाती धरली की बोटं सोलतात, मग ती खोळीत घालून कोपऱ्यात! आपल्या हैदराबादेतही हेच. विष्णू नारायण भातखंडे तरुणपणी सतार शिकले. 1884 मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत गेले. पारशांनी 1870 मध्ये काढलेली ही हौशी लोकांची संस्था. पुढे वकिली करतानाही त्यांनी ती सोडली नाही. मला वाटतं, हौस टिकली ती तिथेच. ठरल्या दिवशी चारजणं वाट बघत असली की घरचं काम आपोआप आवरतं. आपल्या बायकांची स्तवनमंडळं जमतातच, पेटी चालते, मग सतार का नाही? सारंगीला आतड्याची तात, तिथे आपण अडखळू. सतारीला भोपळा नि धातूच्या तारा. घोडी तेवढी शिंगाची नाही ना, हे मिरजेच्या कारागिराला आधी विचारून घ्यायचं.